चाळीसपैकी सव्वीस

"सहा वर्षं रोज सकाळी मी याला उठवतो, आणि आता हा मलाच विचारतो, तू कोण म्हणून."

दस्तगीर मिस्त्री हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हते. भिंतीतल्या कॉम्प्युटरकडं तोंड करून नुसते पुटपुटत होते. पण मिरजेच्या त्या गल्लीत पुढं कारखाना, मागं घर आणि मधे एक पडदा, एवढाच संसार. तिथं पुटपुटणं म्हणजे जाहीर सभाच. त्यातून अब्बा अलीकडं पुटपुटायचेही जरा मोठ्यानं. पडद्याअलीकडं वाळक्या भोपळ्यातला गर खरवडत बसलेल्या तहसीनला, त्यांच्या सुनेला, शब्दन् शब्द ऐकू आला. तिनं हात थांबवला.

पलीकडं अब्बांनी खुंटीवरचा तंबोरा उतरवला. चार तारा, एकामागून एक, दोनदा. कॉम्प्युटरचा पिवळा दिवा लागला, आतला पंखा घरघरला, काचेवर एक ओळ उमटली आणि सगळं पुन्हा विझलं.

"काय म्हणतोय?" तहसीननं आतून विचारलं. ती पडदा सारून समोर जाऊन उभी राहिली. "काय म्हणतोय, अब्बा?"

"चाळीसपैकी सव्वीस. माझ्या वेळी शाळेत एवढे पडले असते तर मी मॅट्रिक होऊन कुठंतरी कारकून झालो असतो." त्यांनी तंबोरा खुंटीला लावला. "उरले म्हणे दोन. दोनच प्रयत्न."

"आता तरी दुरुस्तीवाल्या स्वप्नालीताईंना बोलवू या."

"बोलवा. यंत्राचे कान खराब झालेत, दुसरं काही नाही."

तहसीननं मान हलवली आणि फोन उचलला. मान का हलवली, ते तिलाच ठाऊक.

आता हे चाळीस म्हणजे काय, ते सांगायला हवं. आकड्यांची कुलुपं फोडणारी यंत्रं मधे इतकी स्वस्त झाली की पासवर्ड नावाची गोष्ट दारावरच्या खडूच्या रेघेएवढीच कामाची उरली. मग घरखूण आली. घरातला रोजचा एक आवाज निवडायचा. कुठल्याही आवाजाच्या पोटात आणखी बारीक बारीक सूर असतात. त्यांतले चाळीस पकडून, कुठला किती उंच, कुठला किती दबका, यावरून कॉम्प्युटर त्या घटकेपुरती किल्ली घडवतो. ती कुठं लिहिलेली नसते. कंपनीकडं नसते, कॉम्प्युटरच्या पोटातही नसते. आवाज विरला की किल्लीही विरते. चाळीसपैकी छत्तीस जुळले की कॉम्प्युटर उघडतो. आवाज रेकॉर्ड करून ऐकवला तर फसत नाही, कारण लाकडातून निघालेला आवाज खोलीभर जसा पसरतो तसा स्पीकरमधून निघालेला पसरत नाही, आणि तीन कोपऱ्यांत बसवलेल्या तीन माइकना तो फरक कळतो.

यात एक समजूतदारपणाही होता. रोज उघडल्यावर कॉम्प्युटर त्या दिवशीच्या आवाजावर कुलूप नव्यानं बसवायचा. म्हणून दाराची करकर वर्षभरात वाढली, देवघरातल्या घंटेला हळूहळू चीर गेली, तरी त्याची हरकत नसे. सावकाश बदललेलं तो चालवून घेई. एकदम बदललेलं नाही. तेरा वेळा परकी खूण आली की घरात चोर शिरलाय असं धरून तो स्वतःला कोरा करून टाकी.

लोकांनी कड्या, घंटा, खुर्च्यांचे करकराट असे सोपे आवाज निवडले. शेजारच्या पाटलांनी कुकरची शिट्टी निवडली आणि दर वेळी रिंग बदलली की मेकॅनिक बोलवायची वेळ ओढवून घेतली. कॉम्प्युटर बसवायला आलेल्या मुलीनं दस्तगीर मिस्त्रींनाही सांगितलं होतं की दाराची कडी बरी. त्यांनी खुंटीवरच्या तंबोऱ्याकडं बोट केलं. "या घरात न बदलणारी एकच गोष्ट आहे, ती ही."

तंबोरा त्यांच्या वडिलांनी केलेला. आणि बोलणं खोटंही नव्हतं. तंबोऱ्याचा सगळा जीव त्याच्या घोडीत असतो, ज्या पट्टीवरून तारा जातात तिच्यात. तिची पाठ केसभर फुगीर घासतात, आणि ती व तार यांच्यामधे एक सुती दोरा अडकवतात. तार छेडली की ती त्या फुगवट्यावर टेकत-सुटत थरथरते, आणि त्या टेकण्या-सुटण्यातून एकाच सुरातून वरचे सूर धुरासारखे उठत जातात. त्यालाच जवारी म्हणतात. जास्त घासलं तर वरचे सूर कचकच करायला लागतात, त्याला खुली म्हणायचं. कमी घासलं तर आवाज तोंडात घास असल्यासारखा, बंद. दस्तगीर मिस्त्रींची जवारी गोल होती. धारवाडपासून ग्वाल्हेरपर्यंतचे गवई ती ऐकून सांगायचे, ही मिरजेची, ही दस्तगीरची. तारांनी घोडी झिजते, म्हणून वर्षातून एकदा, वडिलांच्या बरसीच्या दिवशी, ते घरच्या तंबोऱ्याची जवारी नव्यानं काढायचे. पाच वर्षं काढली. कॉम्प्युटरला फरक कळलासुद्धा नाही.

सहाव्या वर्षी, म्हणजे अकरा दिवसांपूर्वी, कळला.

त्या कॉम्प्युटरमध्ये घरातले दिवे होते, पाण्याचा पंप होता, मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्यांची मागणी होती. त्याचं कुणाला काही नव्हतं. दिवे हातानं लागतात. पण त्यात आवाजवही होती. चौतीस वर्षांत मिस्त्रींच्या हातून गेलेली अकराशे चाळीस वाद्यं, प्रत्येकाचा आवाज, आणि प्रत्येक आवाजाच्या शेवटी मिस्त्रींचं एक वाक्य. "भोपळा पातळ होता, म्हणून खरजाला दाबून धरला." "बाईंचा गळा नाजूक, दोरा मागं घेतला." एका वाक्यापेक्षा जास्त कधी नाही. दुसरी प्रत ठेवली नव्हती, कारण आपला माल दुसऱ्याच्या घरी ठेवायचा नाही, हा मिस्त्रींचा कायदा.

अब्बांच्या दृष्टीनं तो त्यांचा जन्म होता. तहसीनच्या दृष्टीनं ती शाळा होती, आणि ही गोष्ट अब्बांना माहीत नव्हती. निदान तहसीनला तसं वाटत होतं.

झालं होतं असं. आठ महिन्यांपूर्वी धारवाडच्या एका गायिकेनं नवा तंबोरा परत पाठवला. चिठ्ठी फार अदबीची होती, प्रवासात काही झालं असावं. तहसीनच्या नवऱ्यानं, सोहेलनं, बापाला तेच सांगायचं ठरवलं. सोहेल पॉलिश करायचा, पेट्या भरायचा, गवयांशी बोलायचा. जवारीत त्याचा हात कधी बसला नव्हता आणि त्याचं त्यानं दुःखही केलं नव्हतं. पण तारा छेडल्यावर त्याच्या कानालासुद्धा कळलं. जवारी कचकचत होती. प्रवासात नव्हे, इथंच झालेलं काम होतं ते.

अब्बा जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेला गेले होते. तहसीननं भाजीचे हात धुतले, आणि कानस डाव्या हातात घेतली. ती डावरी. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं सुई तरी उजव्या हातानं धर म्हणून दोन वर्षं घालवली आणि मग नाद सोडला. कुणी तिला जवारी शिकवली नव्हती. सुनांना शिकवायची पद्धत नव्हती, मुलींना शिकवायचीही नव्हती. पण वीस वर्षं लसूण सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती आवाजवही लावून ठेवायची, लोक रेडिओ लावतात तशी. अकराशे चाळीस आवाज तिच्या कानात घर करून बसले होते. आधी कानात, मग हळूहळू बोटांत. तिनं चार रेघा ओढल्या, दोरा सरकवला, ऐकलं, वहीतला जुना आवाज लावून पाहिला, पुन्हा दोन रेघा. सोहेल दारात उभा राहून बघत राहिला. "तू हे कधी शिकलीस?" त्यानं विचारलं. "तुम्ही क्रिकेट बघत होता तेव्हा," ती म्हणाली.

गायिकेची दुसरी चिठ्ठी आली. मिस्त्रींच्या हाताला सलाम, असं होतं तीत.

त्यानंतर जे वाद्य अब्बांच्या हातून उतरे, ते जोहरच्या वेळी तहसीनच्या हातून जाई. नशिबानं अब्बांना मशिदीतून परतायला अलीकडं अर्धा तास जास्त लागे. गुडघे दुखतात, असं सगळे म्हणायचे. घरात सगळे बरंच काही म्हणायचे. टीव्हीचा आवाज मोठा ठेवला की 'आजकाल मालिकांत पुटपुटतातच'. दोनदा विचारावं लागलं की 'रस्त्यावर गोंगाट फार'. कानावरचे उपाय आता पुष्कळ निघाले होते, शेंगदाण्याएवढ्या यंत्रापासून पेशी पुन्हा रुजवण्यापर्यंत. पण त्या सगळ्यांच्या आधी कुणीतरी एक वाक्य बोलायला लागतं, आणि ते वाक्य दस्तगीर मिस्त्रींच्या घरात कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नाही तर चष्म्यासारखी गोष्ट. जवारीवाल्याला ऐकू आलं नाही तर काय उरलं?

हाताखालून जाणारं प्रत्येक वाद्य तहसीननं सुधारलं. एक सोडून. घरच्या तंबोऱ्याला ती शिवली नाही. तो आजेसासऱ्यांचा, त्यावर फक्त अब्बांचा हात. आणि कॉम्प्युटर नेमका तोच एक ऐकत होता.

*

स्वप्नाली चौगुले साडेअकराला आल्या. पंचावन्नच्या, केस बारीक कापलेले, पाठीवर भरतकाम केलेली शाळकरी पिशवी. बारावीत तीनदा आपटल्यावर त्यांनी मेलेले मोबाइल उघडून बघायला सुरुवात केली होती, आणि बघता बघता सांगली-मिरजेतली निम्मी घरं त्यांच्या हाताखालून गेली होती.

"काय ओ चाचा, याचं नि तुमचं भांडण झालं म्हणं?"

"भांडायला तो बोलतो कुठं."

त्यांनी मांडी घातली, वही काढली आणि तीन रकाने आखले. लक्षण, बिघाड, उपाय. पहिल्यात लिहिलं, 'चालू होताना अडतो, ४० पैकी २६.' मग पेन कानावर ठेवलं. "मधला रकाना भरल्याशिवाय मी उठत नसते, भाभी. नुसतं चालू करून दिलं की चार दिवसांनी परत रडतंय. बिघाडाला नाव द्यायला लागतं."

तहसीनला पडद्याआड निघून जावंसं वाटलं. तरीही ती तिथून हलली नाही. कारण बाईंचं काम बघण्यासारखं होतं. एका वेळी एकच गोष्ट, असं त्या स्वतःशीच म्हणत. आधी वीज तपासली. मग बॅटरी काढून कापडानं पुसून पुन्हा बसवली. तारेची टोकं उलटसुलट करून पाहिली. मागच्या जाळीतून पालीचं वाळलेलं अंडं निघालं, ते तळहातावर घेऊन "हा काय तुमचा चोर न्हवं" म्हणत खिडकीत ठेवलं. प्रत्येक शंकेला पूर्ण मान द्यायचा, आणि ती खोटी निघाली की तिच्यावर मनापासून काट मारायची. तहसीनला आठवलं, अब्बाही लाकूड असंच निवडायचे. टकटक करून, कान लावून, नाही जमलं तरी फळीवर थोपटून परत ठेवायचे.

"घरात काय बदललंय?" स्वप्नालीताईंनी विचारलं. "खोलीचा आवाज बदलला तरी अडतंय."

"पडदा नवा आहे," सोहेल घाईनं म्हणाला. पडदा काढला. बाईंनी हातातल्या मीटरवर टाळी वाजवून पाहिली. "पडद्यानं एवढं हुईत न्हाई."

"पत्र्यावर पक्षी फार बसतात हल्ली," सोहेल म्हणाला.

"पक्षी," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

मग त्यांनी कॉम्प्युटरच्या पुढच्या पट्टीतून रोजच्या उघडण्याची यादी काढली. ती कुलपाच्या बाहेर असते. सहा वर्षांचे आकडे ओळीनं उतरत गेले. चाळीस, चाळीस, एकोणचाळीस, चाळीस. बाईंनी नाकावरचा चष्मा वर सारला. "चाचा, हे मी असं कुणाच्या घरात बघितलं न्हाई. सहा वर्षं. माणसाचा हात हाय का काय हाय." अब्बांनी मान खाली घातली, पण खुशीनं. मग बाईंचं बोट थांबलं. "हितं. अकरा दिवसांमागं. एकोणचाळीसावरनं सव्वीस. आणि बघा, पहिले चोवीस-पंचवीस सूर जिथल्या तिथं हायत. वरचे तेवढे बिघडलेत. त्या दिवशी काय झालं?"

सोहेलनं छताकडं पाहिलं. तहसीननं सोहेलकडं.

"माझ्या वडिलांची बरसी होती," अब्बा म्हणाले. "तंबोऱ्याची जवारी काढली मी. पण ती चुकायची नाही. तुमच्या यंत्राचे कान तपासा. वरचं त्यालाच ऐकू येत नसणार."

"तपासू की. ती पण शंका हायच."

त्यांनी पिशवीतून काडेपेटीएवढी शिट्टी काढली. "ही खालनं वर जाती. माइकला ऐकू आलं की त्याच्यावरचा निळा ठिपका लुकलुकतो. बघत ऱ्हावा." शिट्टी घुमली. आधी बेडकासारखी, मग कोकिळेसारखी, मग चहाच्या किटलीसारखी. तिन्ही कोपऱ्यांत तीन निळे ठिपके लुकलुकत राहिले. आवाज आणखी चढला, सुईसारखा झाला. सोहेलनं डोळे मिटून घेतले. तहसीनच्या दातांत कळ गेली. ठिपके नाचत होते.

अब्बा शिट्टीच्या अगदी शेजारी उभे होते. त्यांनी वाकून विचारलं, "बंद केली का?"

शिट्टी वाजत होती. निळे ठिपके लुकलुकत होते, आणि अब्बा एकदा त्यांच्याकडं, एकदा शिट्टीकडं बघत होते.

"हो," सोहेल म्हणाला. "आत्ताच केली, अब्बा."

स्वप्नालीताईंनी अंगठ्यानं कळ दाबली. मग त्यांनी वही उघडली, कानावरचं पेन काढलं, मधल्या रकान्यावर धरलं, आणि पुन्हा कानावर ठेवलं.

"अजान झाली असेल," अब्बा म्हणाले. त्यांनी टोपी घेतली, चपला पायांत सरकवल्या आणि बाहेर पडले.

*

"भाभी," शिट्टी पिशवीत ठेवत बाई म्हणाल्या, "मला गाण्यातलं शाट कळत न्हाई. पण माइक चांगले हायत. आता ह्या तंबोऱ्याला पहिल्यासारखं कोण करणार, एवढंच सांगा. दोन प्रयत्न हायत."

तहसीननं सोहेलकडं पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडं बघू नकोस. मी खोका भरू शकतो."

ती आत गेली आणि गव्हाच्या डब्यामागं लपवलेली कानस घेऊन आली. तंबोरा मांडीवर घेतला तेव्हा तिला तो उचलल्यासारखा वाटलाच नाही, कुणीतरी वडीलधारं मांडीवर येऊन बसल्यासारखं वाटलं. घोडी सांबरशिंगाची, वर्षानुवर्षं घासून पातळ झालेली. इथं काढलेलं परत चिकटवता येत नाही, आजूबाजूचं घासून फुगवटा पुन्हा गोल करता येतो एवढंच. आणि आज कान पारखायला आवाजवहीही नव्हती, ती कुलपाच्या आत होती.

तारा सैल केल्या. पहिली रेघ ओढली. अब्बांनी काय केलंय ते घोडीवर सरळ दिसत होतं. वरचे सूर ऐकू येईनात म्हणून ते ऐकू येईपर्यंत घासत गेले होते, बिचारे. ज्या खोलीत दिवा गेलाय तिथं माणूस वात वर वर करत राहतो, तसं. तिला रडू आलं आणि तिनं ते गिळलं, कारण डोळ्यांत पाणी असलं की रेघ वाकडी जाते.

पाऊण तासानं तिनं चार तारा छेडल्या, दोनदा. पिवळा दिवा. पंखा. काच उजळली.

चाळीसपैकी चौतीस. उरला एक.

"दोननं गेलं," सोहेल हळूच म्हणाला.

"अहो, सव्वीसावरनं चौतीस," बाई म्हणाल्या. त्यांनी आधी यादीकडं आणि मग तहसीनच्या हाताकडं पाहिलं, आणि हात जोडल्यासारखं काहीतरी केलं. "मी ह्यो धंदा तीस वर्षं करते. असं ट्यूनिंग बघितलं न्हाई."

पण तहसीनची कानस हवेतच थांबली होती. अकराशे चाळीस आवाज तिला पाठ होते, आणि ह्या एकाचा नेमका आवाज आठवत नव्हता. तो रोजचाच, भिंतीसारखा. भिंतीकडं कोण बघतं? आता एक रेघ कमी की जास्त, खरजाकडं, त्या जाड तारेकडं, की पहिल्या तारेकडं, काही कळेना. एक चुकली की चौतीस वर्षं कोरी.

"दोरा जागेवर नाही."

आवाज दारातून आला. अब्बा उंबऱ्यात उभे होते, चपला हातात. केव्हापासून, कुणास ठाऊक. घोडी आणि तार यांच्यामधला सुती दोरा तिथून दिसायचा प्रश्नच नव्हता.

तहसीन उठू लागली. त्यांनी हातानंच बस म्हटलं आणि गुडघे आवरत तिच्यासमोर बसले. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी घोडीच्या पाठीवरून सावकाश फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"उलट्या रेघा," ते म्हणाले. "डाव्या हाताच्या. धारवाडच्या बाईंच्या तंबोऱ्यावर पहिल्यांदा लागल्या बोटाला. पेटीत भरायच्या आधी मी रोज बोट फिरवतो, चाळीस वर्षांची सवय आहे. मग पुण्याच्या जोडीवर लागल्या. मग सगळ्यांवर."

"अब्बा..."

"नमाज केव्हाच संपते, बेटा. मी अर्धा तास चौकात बाकावर बसतो. तुझं घाईत होऊ नये म्हणून."

सोहेलनं विचारलं, "मग गुडघे?"

"गुडघे ठणठणीत आहेत."

आठ महिने तहसीन या माणसापासून लपवत होती, आणि आठ महिने हा माणूस तिला लपवायला वेळ देत उन्हात बसत होता. ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही बोलला का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. तू का नाही बोललीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून."

स्वप्नालीताई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मी सगळ्यांवर बोट फिरवलं," अब्बा म्हणाले, "ह्या एकावर तुझी रेघ मिळाली नाही. बरसीच्या दुसऱ्या दिवशी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी बघितली. कॉम्प्युटर रोज पाठ फिरवत होता आणि मी रोज बोट फिरवत होतो. याला का नाही हात लावलास?"

"तो तुमचा आहे."

"मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा तो माझ्या वडिलांचाच होता." त्यांनी तिचा डावा हात धरला आणि कानस सरळ केली. "घोडी घासली की दोऱ्याची जागा सरकतेच, केसभर पुढं घे. माझ्या बोटाला कळतं तो कुठं बसायचा. आता पहिल्या तारेखाली दोन रेघा. दाबू नकोस, पुसल्यासारखं. ऐकायचं काम तुझं."

तिनं दोन रेघा ओढल्या. त्यांनी अंगठा फिरवला. तिनं तार छेडली, मान हलवली. "जरा कोरडं आहे."

"वरती की मधे?"

"वरती."

"मग खरजाकडं एक. फक्त एक."

असं पाऊण तास चाललं. एकाचा अंगठा, दुसरीचा कान. बघणाऱ्याला वाटावं की एकच माणूस काम करतोय, फक्त त्याला चार हात आहेत. सोहेलनं चहा ठेवला आणि प्यायचा विसरला. शेवटी तहसीननं तारा चढवल्या, मणी सरकवून सूर जुळवला, एकदा छेडलं, आणि तिचा चेहरा बदलला. भिंत तिला दिसली होती.

"लाव," अब्बा म्हणाले. "मला विचारू नकोस."

चार तारा, दोनदा. पिवळा दिवा. पंखा घरघरला. काच उजळली आणि उजळलेलीच राहिली.

चाळीसपैकी एकोणचाळीस.

दिवे लागले. मागं पंप धडधडला. स्वप्नालीताईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि लांब श्वास सोडला. मग वही पुढं ओढली. 'उपाय' या रकान्यात त्यांनी भराभर लिहिलं. मधला रकाना कोराच होता. त्यांनी तिघांकडं पाहिलं.

"बाई, हवामान लिहा," सोहेल म्हणाला. "दमट हवेनं घोडी फुगते."

"लिहू का, चाचा?"

अब्बा कॉम्प्युटरकडं वळले. "आवाजवही. नवी नोंद. अकराशे एक्केचाळीस." काचेवर लाल ठिपका उमटला. त्यांनी तहसीनला खूण केली, तिनं तारा छेडल्या आणि आवाज खोलीभर पसरू दिला. अब्बा त्याच्याकडं तोंड करून बसले होते, जेवढा पोचत होता तेवढा घेत. शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी हललं नाही. विरला हे अब्बांना तहसीनच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग, प्रत्येक वाद्याच्या शेवटी बोलत तसंच, ना हळू ना मोठ्यानं, ते एक वाक्य बोलले, आणि स्वप्नालीताईंचं पेन मधल्या रकान्यात हलू लागलं.

"तंबोरा वडिलांचा; दस्तगीरला वरचं ऐकू येत नाही, म्हणून जवारी तहसीननं काढली."